विम्यासाठी लावलेली आग आणि संवादांतून उलगडणारी कादंबरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरसारख्या बाजारपेठेच्या शहरात राहून मराठीत गुन्हेकथा लिहू पाहणाऱ्यांना एक विषय हमखास खुणावतो. रात्री गोडाऊन पेटते, सकाळी शॉर्ट सर्किटची बातमी येते, विम्याचा क्लेम लागतो आणि मग हळूहळू उघड होते की आग आपोआप लागलेली नव्हती. आगीच्या दाव्यांच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली आणि लिहिणाऱ्या मंडळींची हस्तलिखिते मी आवडीने वाचतो. भेटणारा प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवली आहेत.

या विषयाला संवादांचीच कादंबरी का हवी? निवेदनातून जमणार नाही का?

जमेल, पण मजा जाईल. काडी ओढायला क्षणभर लागतो. त्याआधी आठवडेच्या आठवडे माणसे एकमेकांशी बोलत असतात आणि एवढ्या बोलण्यात एकदाही कोणी 'जाळू या' असे म्हणत नाही. मालक कर्जाचे रडगाणे गातो, मध्यस्थ सहानुभूतीने ऐकतो, चहा येतो, चहा संपतो, आणि उठता उठता गुन्हा ठरलेला असतो. उदाहरणादाखल हे पाहा:

"काका, माल किती पडून आहे?"

"दिवाळीपासून हललेला नाही. ताके तसेच्या तसे."

"आणि लिमिट?"

"संपली केव्हाच. बँकेचा फोन रोज येतो."

"पॉलिसी चालू आहे ना?"

"हो. मार्चमध्ये भरली."

"मग पावसाळ्याआधी काहीतरी बघू."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तुम्ही पुतणीच्या लग्नाला नाशिकला जाणार होतात ना? सगळे मिळून जाऊन या."

यातल्या 'म्हणजे?'पाशी काकांना मागे फिरता आले असते. त्यांनी विचारले, पण उत्तराचा आग्रह धरला नाही. इथे लेखकाने 'काकांच्या छातीत धस्स झाले' असे एक वाक्य घातले, तर वाचकाच्या हातातले काम काढून घेतल्यासारखे होते. काकांना कळले की नाही, कळूनही त्यांनी ते न कळल्यासारखे केले का, हे वाचकाला ठरवू द्या. शिवाय पुढे कोर्टात आणि विमा कंपनीत सगळा वाद नेमका याच मुद्द्यावर होणार आहे.

तो कसा काय?

आगीच्या पॉलिसीत एक अट असते. नुकसान विमाधारकाने जाणूनबुजून केले असेल किंवा त्याच्या संगनमताने झाले असेल, किंवा दाव्यात कुठेही लबाडी असेल, तर पॉलिसीचे सगळे फायदे जातात. फुगवलेला भाग कापून बाकीचे पैसे मिळतील, अशी आशा इथे नसते. उलट एखाद्या तिऱ्हाइताने वैरापोटी दुकान पेटवले आणि मालकाचा त्यात काडीचाही संबंध नसला, तर पैसे मिळू शकतात.

म्हणजे सगळा प्रश्न संगनमताचा आणि संगनमत व्हायचे ते बोलण्यातूनच. कोण कोणाला काय म्हणाला, किती वाजता म्हणाला, ऐकणारा गप्प बसला तो का? संवादांची कादंबरी या विषयाला इतकी घट्ट बसते ती यामुळे. वाचकाने सगळे संभाषण ऐकलेले असते. नुकसान मोजायला येणाऱ्या सर्व्हेअरला, पोलिसाला आणि न्यायाधीशाला मात्र त्याचे तुकडेच मिळतात.

स्वतःचीच वस्तू जाळली तर गुन्हा कसला? माझे पात्र असेच म्हणते.

म्हणू द्या, कारण अनेकांना तसेच वाटते. पण १८६० च्या भारतीय दंड संहितेने हा प्रश्न तेव्हाच निकाली काढला होता. कलम ४२५ मध्ये आगळीक म्हणजे काय ते सांगताना स्पष्टीकरण दिले आहे की ही कृती स्वतःच्या मालमत्तेबाबतही होऊ शकते. शिवाय दाखलाही दिला आहे: एकाने जहाजाचा विमा उतरवला आणि विमा कंपनीचे नुकसान व्हावे म्हणून ते मुद्दाम बुडू दिले, तर ती आगळीक आहे. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि आगळीक तिथे कलम ३२४ मध्ये गेली. राहते घर किंवा माल ठेवण्याची इमारत नष्ट करण्याच्या हेतूने आग लावणे हा कलम ३२६ च्या 'जी' उपकलमाखालचा गुन्हा आहे. त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड आहे. जुन्या संहितेत हे कलम ४३६ होते. फसवणूक पूर्वी ४२० खाली यायची, आता ती ३१८ मध्ये आहे.

कथानक २०२४ च्या जुलैआधीचे असेल तर जुने आकडे वापरा. 'चारसौबीस' हा शब्द लोकांच्या तोंडी आहेच, तो बोलण्यात राहू द्या. आरोपपत्र वाचणाऱ्या वकिलाच्या तोंडी मात्र कलम बरोबर हवे.

विम्याचे पैसे खरोखर मिळतात का? हस्तलिखितात मालक एका झटक्यात करोडपती होतो.

एवढे मिळत नाहीत, आणि कादंबरीची खरी ताकद मला इथेच दिसते. आगीचा विमा झालेले नुकसान भरून देतो, नफा मिळवून देत नाही. माल खरेदी किमतीने धरला जातो, विक्रीच्या भावाने नाही. दिवाळीपासून पडून असलेल्या, फॅशन उलटलेल्या मालाची किंमत सर्व्हेअर आणखी खाली आणतो. जो माल विकला जात नव्हता म्हणून जाळला, तो कागदावरही स्वस्तातच जातो.

त्यात कमी रकमेचा विमा असेल तर ॲव्हरेजचा हिशेब लागतो. ४० लाखांचा माल आणि विमा २० लाखांचा, अशा दुकानात १० लाखांचे नुकसान झाले, तर हातात ५ लाख येतात. अर्धाच विमा, म्हणून अर्धेच पैसे. १ एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी ठरावीक मसुद्याच्या पॉलिसी आल्या आहेत. एका जागी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि त्याच्या वर ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. त्यांत विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी असेल तर हा काट लावत नाहीत. त्याहून कमी असेल तर लावतात.

सर्वांत मोठा धक्का बँकेचा असतो. माल तारण ठेवून कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत लागेल तसे उचलायचे बँकेचे कर्ज, घेतलेले असेल, तर पॉलिसीवर बँकेचे नाव असते आणि क्लेमचे पैसे आधी बँकेकडे जातात. मालकाने दुकान गमावले, बाप-आजोबांची गादी गेली, आग लावणाऱ्याला कबूल केलेली रक्कम अजून द्यायची आहे आणि क्लेमचा आकडा कर्ज खात्यात गडप झाला. नवरा-बायकोच्या एका संभाषणात हे उलगडले पाहिजे.

"किती आले?"

"आले."

"अहो, किती ते विचारतेय."

"बँकेत आले."

"आपल्याला किती?"

यावर नवऱ्याला उत्तर देऊ देऊ नका.

आणखी एक बारकावा. विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता हातात पडल्याशिवाय विमा कंपनी जोखीम घेत नाही. प्रीमियमचा चेक न वटल्यामुळे पॉलिसीच नव्हती, हे आगीनंतर कळणारे पात्र मला अजून कोणाच्या हस्तलिखितात भेटलेले नाही. कोणीतरी लिहा.

सर्व्हेअर म्हणजे विमा कंपनीचा गुप्तहेर का?

नाही. तो परवानाधारक, स्वतंत्र व्यावसायिक असतो. विमा कायद्याच्या कलम ६४ यूएमखाली मोठ्या दाव्यांचे मूल्यमापन त्याच्याकडे येते. त्याला अटक करता येत नाही, झडती घेता येत नाही, कोणावर हात टाकता येत नाही. त्याच्याजवळ प्रश्न असतात, कॅमेरा असतो आणि चिकाटी असते. म्हणून तो संवादांच्या कादंबरीतले सर्वांत देखणे पात्र ठरू शकतो. दुर्दैवाने बहुतेकांच्या हातून तो लाच खाणारा तरी होतो किंवा भिंगवाला तरी.

खरा सर्व्हेअर क्षुल्लक वाटणारे प्रश्न विचारतो.

"त्या रात्री कुलूप कोणी लावलं?"

"शेठनी स्वतः."

"रोज तेच लावतात?"

"नाही. रोज मी लावतो."

"मग त्या दिवशी?"

"मला म्हणाले, तू लवकर जा, मुलीला ताप आहे ना."

"होता ताप?"

"होता साहेब. खरंच होता."

मुनीम इथे मालकाला वाचवायला बोलतोय. मालक किती चांगला आहे हेच तो सांगतोय, आणि सांगता सांगता त्याला स्वतःलाही काहीतरी जाणवते. 'खरंच होता' हे तो सर्व्हेअरला सांगतो की स्वतःला? असे दोन-तीन प्रसंग जमले तर कादंबरी उभी राहते.

जळालेल्या गोडाऊनमध्ये सर्व्हेअर काय पाहतो, तेही सांगतो. कापडाची घट्ट आवळलेली गाठ सहसा आरपार जळत नाही. बाहेरून ती काळी ठिक्कर पडते, पण आत हवाच पोचत नाही. सुरीने कापली की घड्यांच्या कडा तपकिरी दिसतात आणि मध्यभागी छापील फुले कोऱ्या रंगात जशीच्या तशी. त्यामुळे ४०० गाठी होत्या असे जो म्हणतो, त्याला ४०० गाठींचे काहीतरी अवशेष दाखवावे लागतात. लोखंडी रॅक वाकतात, पण नाहीसे होत नाहीत. रॅकखाली मालाची राख नसेल तर त्या रॅकवर माल नव्हता. मशीनचे सांगाडे मोजता येतात. बंबाच्या पाण्याने चिखल झालेल्या त्या राखेत मांडी घालून बसलेला, हातमोजे घातलेला, न बोलणारा माणूस आणि जरा दूर उभा राहून फोनवर बोलत असल्याचे दाखवणारा मालक, एवढे चित्र पुरे आहे.

मग येतात कागद. लिमिट टिकवायला मालक दर महिन्याला बँकेत स्टॉक स्टेटमेंट देतो आणि त्यात माल जास्त दाखवलेला असतो. जीएसटीच्या विवरणपत्रात आणि मालवाहतुकीच्या ई-वे बिलांत चित्र वेगळे असते. वर्षानुवर्षे हे दोन आकडे एकमेकांना भेटलेले नसतात. आगीनंतर ते एकाच टेबलावर येतात.

आग लावली आहे हे बघितल्या बघितल्या कळते का?

नाही, आणि ज्याला लगेच कळते त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ७ मे २०२२ ला पहाटे इंदूरच्या स्वर्णबाग कॉलनीत एका इमारतीला आग लागून सात माणसे गेली. सुरुवातीला शॉर्ट सर्किटचीच चर्चा होती. नंतर सीसीटीव्हीच्या चित्रणावरून पोलिसांनी सांगितले की खाली उभ्या असलेल्या दुचाकीला एकाने आग लावली होती. विम्याशी त्याचा काही संबंध नव्हता, राग वैयक्तिक होता. शहराने हे पाहिलेले आहे, म्हणून इंदूरच्या वाचकापुढे आगीचे प्रकरण लिहिताना भान हवे.

उलट बाजूही आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये डिसेंबर १९९१ मध्ये घराला आग लागून तीन लहान मुली दगावल्या. आग बापानेच लावली असे तपासनिसांनी छातीठोकपणे सांगितले आणि कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम याला फेब्रुवारी २००४ मध्ये मृत्युदंड दिला गेला. जमिनीवरच्या जळाल्याच्या खुणा, तडकलेल्या काचा यांवरून काढलेला तो निष्कर्ष विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही, असे नामवंत अग्नितज्ज्ञांनी दाखवून दिले. खोलीतली उष्णता एका हद्दीपलीकडे गेली की सगळी खोली एकदम पेटते आणि अपघाती आगीतही तशाच खुणा उमटतात. वितळलेल्या तारेचेही तसेच आहे. तारेमुळे आग लागली की आगीमुळे तार वितळली, हे नुसत्या डोळ्यांना समजत नाही.

तुमच्या तपासनिसाला शंका घेऊ द्या. राखेचे नमुने हवाबंद डब्यात सील होऊन प्रयोगशाळेत जातात. मध्य प्रदेशची राज्य न्यायवैद्यक प्रयोगशाळा सागरला आहे. अहवाल यायला वेळ लागतो आणि त्या मधल्या काळात पात्रे एकमेकांना फोन करत राहतात. तुमची निम्मी कादंबरी त्या फोनवर लिहिता येईल.

आग कशी लावली ते किती तपशिलात लिहावे?

अजिबात लिहू नये. त्याने कथेला काही मिळत नाही आणि कोणाच्या तरी हातात नको ते पडू शकते. आग लावणारा माणूस परत येताना काय बोलतो, ते लिहा.

कथा इंदुरात नेमकी कुठे घडवावी?

पात्रांचा धंदा ठरवा म्हणजे जागा आपोआप ठरेल. कापडवाला असेल तर महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट. गल्ल्या अरुंद, दुकानावर दुकान, एकाची भिंत ती दुसऱ्याची भिंत. किराण्याचा ठोक व्यापारी सियागंजात बसेल, कारखानदार सांवेर रोडवर. पीथमपूरचा मोठा कारखाना घेतला तर लक्षात ठेवा की ते धार जिल्ह्यात आहे आणि पोलीस ठाणी बदलतात.

जुन्या मध्यवस्तीचा विचार केला तर मनात राजवाडा येतोच. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी असलेल्या त्या वास्तूचा मोठा भाग १९८४ च्या दंगलीत जळाला. त्या काळी तरुण असलेली माणसे आज आजोबा आहेत आणि त्यांच्या बोलण्यात ती आग सहज डोकावते. तुमच्या कादंबरीतला म्हातारा तिच्याबद्दल बोलला तर ते उपरे वाटणार नाही.

गिरण्यांचा पदर विसरू नका. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपये डिसेंबर २०२३ मध्ये सुटले. तीस वर्षे वाट पाहिलेल्या घरातला मुलगा गोडाऊनमध्ये रात्रपाळीला आहे आणि त्याचा मालक सहा महिन्यांत क्लेम का येत नाही म्हणून आरडाओरडा करतो. हा प्रसंग मला वाचायला आवडेल. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे सजवलेले देखावे, निघतात, सगळे शहर रस्त्यावर असते आणि राजवाड्याकडचे रस्ते गर्दीने तुंबतात. त्या रात्री बंब कुठून येणार, हा प्रश्न पात्रांच्या बोलण्यात यायला हवा. इंदूरचे अग्निशमन दल अनेक वर्षे पोलिसांच्याच अखत्यारीत होते, त्यामुळे जुन्या काळातले कथानक असेल तर आग विझवणारा आणि चौकशी करणारा एकाच खात्यातला, ही इथली खास गोष्ट आहे. मोती तबेल्याच्या फायर स्टेशनमधून निघालेल्या बंबावरच्या जवानांना दोन पाने बोलू द्या.

पात्रे मराठी आहेत, पण बाजारात सगळे हिंदी. संवाद कोणत्या भाषेत लिहायचे?

जसे बोलतात तसे. रामबागेत किंवा लोकमान्य नगरात राहणारा मराठी माणूस घरात मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर पाऊल पडले की हिंदी सुरू, आणि फोनवर एकाच वाक्यात दोन्ही. "भिया, टेंशन मत लो, सब सेट है," असे सांगणारा मध्यस्थ पुणेरी मराठीत बोलला की कादंबरी तिथेच मरते. दोन-चार हिंदी वाक्ये जशीच्या तशी ठेवा. आपल्या वाचकाला ती कळतात.

सौदा हिंदीत आणि पश्चात्ताप मराठीत, ही वाटणी माझ्या पाहण्यातल्या घरांशी जुळते. बाजारात बिनधास्त बोललेला माणूस रात्री बायकोसमोर अडखळतो, कारण 'अहो' म्हणून विचारलेल्या प्रश्नाला द्यायला त्याच्याकडे बाजारातली भाषा नसते.

भाडेकरू घालवायला मालकाने वाडा पेटवला, असे कथानक चालेल का?

चालेल, आणि ते फार खरे वाटेल. जुन्या वाड्यातली भाडी नगण्य आहेत, मध्य प्रदेशात १९६१ चा स्थान नियंत्रण कायदा आहे, खटले पिढ्यान्पिढ्या चालतात. विमा फक्त इमारतीचा असतो, जमिनीचा नसतो, आणि मध्यवस्तीत खरी किंमत जमिनीलाच. त्यामुळे विम्याचे पैसे हे इथे वरकमाईसारखे येतात, मूळ हेतू जागा मोकळी करण्याचा.

मालकाचा हिशेब मात्र चुकतो. इमारत नष्ट झाली म्हणजे भाडेकरार आपोआप संपला असे होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. भाडेकरूचा हक्क जमिनीलाही धरून असतो. वाडा जळाला, तिसऱ्या खोलीतल्या आजी लेकीकडे राहायला गेल्या आणि चार महिन्यांनी वकिलाची नोटीस आली. आजींच्या तोंडचे पहिले वाक्य काय असेल? "भाऊसाहेब, माझी तुळस कुठे होती ते आठवतं का तुम्हाला?" असे काहीसे मला सुचते. तुम्हाला याहून चांगले सुचेल.

पोलीस चौकशीचे संवाद खरे कसे वाटतील?

मारहाण आणि कबुली या ठरलेल्या वाटेने जाऊ नका. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. मुरलेल्या पोलिसाला आणि मुरलेल्या आरोपीला, दोघांनाही ते ठाऊक असते. म्हणून पोलीस कबुलीच्या मागे न लागता दुसऱ्या गोष्टी शोधतो: फोनचे रेकॉर्ड, डिझेल कोणी घेतले, नाशिकची तिकिटे कधी काढली.

साक्षीदाराचे पोलिसांनी लिहून घेतलेले म्हणणे त्याच्या सहीशिवाय असते. त्यामुळे कोर्टात 'मी असं म्हणालोच नव्हतो' असे सांगायला त्याला वाव राहतो. न्यायदंडाधिकाऱ्यासमोर दिलेल्या जबाबाचे वजन वेगळे. आणि सगळ्यांत नाट्यमय वाट म्हणजे माफीचा साक्षीदार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ खाली, सगळे खरे सांगण्याच्या अटीवर, साथीदाराला माफी देता येते. तीन माणसांनी मिळून केलेल्या गुन्ह्यात आधी कोण बोलणार, ही शर्यत सुरू होते. वकिलाच्या खोलीत बसलेला मध्यस्थ म्हणतो, "मी बोललो तर?" आणि वकील विचारतो, "तो आधी बोलला तर?" संवादांच्या कादंबरीला याहून चांगला कळस मला ठाऊक नाही.

मरते कोण? कोणाला मारलेच पाहिजे का?

बळजबरीने मारू नका. पण एक गोष्ट मी प्रत्येक लेखकाला कळकळीने सांगतो. या गुन्ह्यात जे जे बोलतात ते सगळे आगीपासून लांब असतात. मालक लग्नाला गेलेला, मध्यस्थ घरी झोपलेला, आग लावणारा पाच मिनिटांत पसार. आगीजवळ असतो तो चौकीदार, ज्याच्याशी कोणी दोन वाक्येही बोललेले नाही. शेजारच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपणारा हमाल. वरच्या मजल्यावरचे बिऱ्हाड. शिड्या चढून गेलेला अग्निशमन जवान. 'रात्री आत कोणी नसतं' हे वाक्य प्रत्येक कटात उच्चारले जाते आणि ते कोणीही तपासून पाहिलेले नसते.

संवादांच्या कादंबरीला इथे मोठा धोका आहे. जो बोलत नाही तो पानावर दिसतच नाही. मग वाचक हुशार, गप्पिष्ट गुन्हेगारांच्या प्रेमात पडतो आणि चौकीदार शेवटी नुसता आकडा म्हणून येतो. म्हणून आगीच्या खूप आधी त्याला बोलू द्या. गावाकडे फोन करताना, चहावाल्याशी उधारीवरून हुज्जत घालताना, मुलाला परीक्षेचे विचारताना. त्याचे दोन प्रसंग असले की 'रात्री आत कोणी नसतं' हे वाक्य आल्यावर वाचकच ओरडेल, असतो म्हणून. हस्तलिखित हातात आले की मी सर्वांत आधी हे प्रसंग शोधतो.

'तो म्हणाला', 'ती म्हणाली' किती वेळा?

गरजेपुरते. 'तो गुरगुरला', 'तो उद्गारला' हे टाळा. दोघेच बोलत असतील तर चार-पाच वाक्ये नावाशिवाय सहज जातात. तिघे असतील तर प्रत्येकाची बोलण्याची ढब इतकी वेगळी हवी की नाव झाकले तरी माणूस ओळखू यावा. मोठ्याने वाचून पाहा, घरातल्या कोणाला तरी दुसऱ्या पात्राचे संवाद द्या. नाटकाचे वेड असलेल्या आपल्या इंदुरी मराठी घरांत असा माणूस मिळायला अडचण पडू नये.

विम्याची एवढी माहिती संवादांत कोंबली तर कंटाळा येणार नाही का?

दोन जाणकार माणसे एकमेकांना ठाऊक असलेले सांगू लागली की येतो. अजाण माणसाला हवी असलेली माहिती असेल तर येत नाही. बँक पैसे आधी का घेते, हे बायको विचारते, कारण तिचे दागिने त्यात गेलेले आहेत.

मालकाबद्दल वाचकाला सहानुभूती वाटली तर?

वाटू द्या. ऑनलाइन विक्रीने गिऱ्हाईक तुटलेला, लेकीचे लग्न तोंडावर आलेला, तीन पिढ्यांची दुकानाची पाटी रोज पुसणारा माणूस खलनायक म्हणून लिहिता येणार नाही. मीही अशा माणसांसमोर बसून आकडे कापले आहेत आणि ते सोपे नव्हते. फक्त चौकीदाराच्या बाजूला तितकीच पाने द्या.

खऱ्या प्रकरणावर लिहू का?

सुचण्यापुरते घ्या. नावे, दुकाने, कुटुंबे बदला. ज्यांच्यावर नुसता संशय आला आणि पुढे काहीच सिद्ध झाले नाही, अशांना ओळखू येईल असे लिहिणे हा अन्याय आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर हातच लावू नका.

वाचण्यासाठी सांगायचे तर आगीचे नाकारलेले दावे ग्राहक आयोगांपुढे जातात आणि राष्ट्रीय आयोगाचे निकाल कोणालाही वाचता येतात. त्यांत सर्व्हेअरचे अहवाल, स्टॉकचे वाद, चौकीदारांचे जबाब असे सगळे असते. फौजदारी निकालही पूर्ण वाचा, विशेषतः उलटतपासणीचा भाग. इंदूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, जिल्हा न्यायालय आहे. एखाद्या वकील मित्राला विचारून खुल्या सुनावणीला मागच्या बाकावर जाऊन बसा. वही न्या, मोबाइल बंद ठेवा, आणि साक्षीदार कोणत्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी थांबतो तेवढेच टिपा.